खोल पाहायचे की नीट पाहायचे?

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाचा विषय वर्गात निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "संगणक सगळ्या चाली पाहतो, म्हणून जिंकतो." मुले म्हणतात, पालक म्हणतात, आणि आपणही बरेचदा मान डोलावून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. या समजुतीला एका मोठ्या शास्त्रज्ञाचा आधार मिळाल्यासारखे झाले आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे रिचर्ड सटन यांनी २०१९ मध्ये 'कडू धडा' अशा अर्थाच्या मथळ्याचे एक छोटे टिपण लिहिले. यंत्राला अनुभवातून शिकवण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. अँड्र्यू बार्टो यांच्याबरोबर त्यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. टिपणातला विचार थोडक्यात असा : संशोधक आपल्या विषयाचे ज्ञान हौसेने यंत्रात भरतात, त्याचा सुरुवातीला फायदाही होतो, पण काही वर्षांनी भरपूर गणनशक्ती वापरणाऱ्या साध्या, सर्वसाधारण पद्धती त्याला मागे टाकतात. शोध आणि शिकणे या त्या दोन पद्धती. आणि पुराव्यादाखल पहिले उदाहरण येते ते बुद्धिबळाचे. १९९७ मध्ये विश्वविजेत्याला हरवले ते खोल शोधाने, माणसाच्या समजुतीवर भिस्त ठेवणारे संशोधक हिरमुसले होऊन पाहत राहिले, असा त्याचा मथितार्थ.

टिपणाचा निष्कर्ष मला बराचसा मान्य आहे. हे उदाहरण मात्र मान्य नाही. बुद्धिबळाला त्यात एकच परिच्छेद मिळाला आहे, आणि तेवढ्या जागेत जे सुटले तेच नेमके शिकवण्यासारखे आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. 'शोध' म्हणजे मी ही चाल केली तर तो काय करील, मग मी काय करीन, असे पुढे पुढे पाहत जाणे. एका बाजूच्या एका खेळीला आपण अर्धी चाल म्हणू. जितक्या अर्ध्या चाली पुढे पाहिले, तितकी शोधाची खोली. 'ज्ञान' म्हणजे पुढे काहीही न पाहता, समोरचा पट बघून ही स्थिती कुणाला किती बरी हे सांगता येणे. वजीर नऊ प्याद्यांच्या मोलाचा, हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन. एकामागे एक उभी राहिलेली जोडप्यादी दुबळी. राजापुढची प्यादी उठवली तर राजा उघडा पडतो. हे सारे ज्ञान.

क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दोन्हींचा हिशेब मांडला. दर स्थितीत सरासरी तीस वैध चाली धरल्या, तर दोन्ही बाजूंच्या एकेका चालीमागे साधारण हजार शक्यता होतात. चाळीस चालींच्या डावात त्या एकावर एकशेवीस शून्ये इतक्या होतात. तेव्हा सगळ्या चाली शेवटपर्यंत पाहणे कोणत्याही यंत्राला कधीच जमणार नाही. कुठेतरी थांबायचे आणि त्या ठिकाणच्या स्थितीला गुण द्यायचे. म्हणजे शोध जिथे थांबतो तिथे ज्ञान लागतेच. मग शॅनन यांनी दोन मार्ग सांगितले. पहिल्यात ठराविक खोलीपर्यंतच्या सर्व चाली पाहायच्या, दुसऱ्यात मोजक्या आश्वासक चाली निवडून त्याच खोलवर पाहायच्या. त्यांचा स्वतःचा कल दुसऱ्याकडे होता.

इतिहासाने कौल दिला तो पहिल्याला, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण कितपत?

येथे फळ्यावर सहज मांडता येईल असे एक गणित आहे. समजा, प्रत्येक स्थितीत तीस चाली आहेत आणि चार अर्ध्या चाली पुढे पाहायचे आहे. ३० चा चौथा घात म्हणजे ८,१०,००० स्थिती झाल्या. आता असे पाहा : माझी पहिली चाल तपासून झाली, तिच्यात डाव समतोल राहतो. दुसरी चाल तपासायला घेतली आणि तिच्यावरच्या पहिल्याच उत्तरात माझा घोडा फुकट जातो असे दिसले. मग बाकीची एकोणतीस उत्तरे पाहायची गरजच काय? ही चाल पहिलीपेक्षा वाईट, एवढे पुरे. किती वाईट, हे कळून उपयोग नाही. अल्फा-बीटा या नावाने ओळखली जाणारी काटछाट ती हीच. तिच्यामुळे अंतिम उत्तरात तसूभरही फरक पडत नाही. डोनाल्ड कनूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये तिचे सविस्तर गणित मांडले. सगळे उत्तम जुळून आले, तर चार अर्ध्या चालींसाठी आठ लाख दहा हजारांऐवजी फक्त १,७९९ स्थिती पाहाव्या लागतात. आठ अर्ध्या चालींना ६५,६१० कोटींऐवजी सुमारे सोळा लाख पुरतात. म्हणजे तेवढ्याच कष्टात जवळजवळ दुप्पट खोली!

पण 'सगळे उत्तम जुळून आले तर' ही अट नजरेआड करू नये. जुळून येणे म्हणजे प्रत्येक ठिकाणी चांगली चाल सर्वांत आधी तपासली जाणे. वाईट चाली आधी आणि चांगली शेवटी असा क्रम लागला, तर बचत शून्य. आता, चाली तपासण्यापूर्वीच कोणती चांगली हे कसे कळावे? प्रोग्रॅम त्यासाठी नाना युक्त्या करतो. प्याद्याने वजीर मारता येत असेल तर ते आधी पाहा. शेजारच्या फांदीवर जी चाल उपयोगी पडली ती इथेही आधी पाहा. कमी खोलीचा शोध अगोदर करून त्यात वर आलेली चाल पुढच्या फेरीत पहिली घ्या. यातले काही माणसाने सांगितलेले ज्ञान आहे, तर काही यंत्राने क्षणापूर्वीच्या शोधातून मिळवलेले. कुठूनही आलेले असो, ज्ञान ते ज्ञानच. जिला आपण 'नुसती खोली' म्हणतो ती अशी ज्ञानाच्या मोबदल्यात मिळालेली असते.

याहून धीट काटछाटी आहेत. एकीत यंत्र स्वतःची पाळी सोडून देते आणि प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोन चाली करू देते. तरीही आपली स्थिती उत्तम राहत असेल, तर ती फांदी फारशी तपासत नाही. यामागे एक बुद्धिबळी समजूत आहे, ती अशी की चाल करायची पाळी आपली असणे तोट्याचे नसते. हे जवळजवळ नेहमी खरे असते. फक्त राजे आणि प्यादी उरली की मात्र अशा स्थिती येतात, जिथे हलावे लागणे हेच संकट ठरते. म्हणून तिथे ही युक्ती वापरू नको, असे प्रोग्रॅमला वेगळे सांगून ठेवतात. शोधाच्या पोटात ज्ञान कसे दडलेले असते, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आजचे प्रोग्रॅम तीस-चाळीस अर्ध्या चालींची खोली दाखवतात ती अशाच काटछाटींच्या बळावर. "सगळ्या चाली पाहतो" हे म्हणूनच साफ चुकीचे आहे. बहुतेक चाली तो पाहतच नाही.

माणसाच्या बाबतीत तर हे फार पूर्वी दिसून आले होते. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी मोठे ग्रँडमास्टर आणि चांगले हौशी खेळाडू यांना एकाच स्थितीवर मोठ्याने विचार करायला लावले. १९४६ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. ग्रँडमास्टर फार खोल पाहत असतील ही अपेक्षा खोटी ठरली. खोली साधारण सारखीच होती. पाहण्यासाठी निवडलेल्या चाली मात्र अधिक चांगल्या होत्या.

आता खोली कुठे तोकडी पडते ते पाहू. समजा, प्रोग्रॅमला सहा अर्ध्या चालींपर्यंतच दिसते आणि सहाव्या अर्ध्या चालीवर त्याचा उंट मारला जाणार आहे. तो मध्येच एक प्यादे बळी देतो. प्रतिस्पर्ध्याला ते मारावे लागते, दोन अर्ध्या चाली खर्ची पडतात, उंटाचे मरण आठव्यावर जाते आणि प्रोग्रॅमला वाटते, सुटलो! मग दुसरे प्यादे जाते, आणि शेवटी उंटही जातो. जुनी उधारी फेडण्यासाठी नवी उधारी काढणाऱ्यासारखे हे आहे. हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये याला 'क्षितिज-परिणाम' असे नाव दिले. खोली वाढवली की क्षितिज पुढे सरकते, नाहीसे होत नाही. उपाय असा की शोध थांबवायचा तो मारामारी संपून स्थिती शांत झाल्यावर. पण शांत कशाला म्हणायचे? पुन्हा ज्ञान आले.

दुसरे उदाहरण वर्गातल्या पटावर मांडून पाहण्याजोगे आहे. पांढऱ्याकडे राजा, पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट आणि उजव्या कडेच्या पट्टीवरचे एक प्यादे. काळ्याकडे नुसता राजा, तो त्या प्याद्याच्या वजीर होण्याच्या कोपऱ्यात बसलेला. ते कोपऱ्यातले घर काळे आहे, त्यामुळे उंटाला राजाला तिथून हुसकता येत नाही. पांढरा फार जवळ आला की काळ्या राजाला शह नसतो आणि हलायला घरही नसते, म्हणजे डाव बरोबरीत सुटतो. हा नियम एकदा समजलेला दहा वर्षांचा मुलगा पटाकडे पाहताक्षणी "बरोबरी" म्हणेल. फक्त मोहऱ्यांचे मोल मोजणारा प्रोग्रॅम उंटाचे तीन आणि प्याद्याचा एक असे चार गुण पांढऱ्याच्या पारड्यात टाकील. वीस अर्ध्या चाली पुढे पाहिले तरी चारच गुण, तीस पाहिले तरी चारच. प्यादे न हलता आणि काही मारले न जाता पन्नास चाली झाल्या की डाव बरोबरीत धरता येतो. पण तिथवर पोचायला शंभर अर्ध्या चाली हव्यात, आणि पांढऱ्याने प्यादे एक घर सरकवले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एका ओळीचे ज्ञान इथे शंभर अर्ध्या चालींच्या खोलीचे काम करते.

म्हणजे ज्ञानवाद्यांचे बरोबर होते का? तसेही नाही, आणि इथे सटन यांना त्यांचे श्रेय द्यायलाच हवे. मिखाईल बोट्विनिक हे विश्वविजेते, शिवाय विद्युत अभियंते. ग्रँडमास्टर विचार कसा करतो हे त्यांच्याइतके जाणणारा माणूस मिळणे कठीण. तोच विचार यंत्रात उतरवण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली, पण १९९५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या प्रोग्रॅमने कोणतीही मोठी स्पर्धा जिंकली नाही. उलट अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी ॲटकिन यांनी १९७३ मध्ये निवडक शोध सोडून दिला आणि ठराविक खोलीपर्यंत सर्व चाली विचारात घेणारा प्रोग्रॅम लिहिला. निवड करणारे ज्ञान कच्चे असेल, तर ते नेमकी हवी ती चाल गाळून टाकते, हा त्यामागचा अनुभव. केन थॉम्पसन यांनी आपल्या 'बेल' या यंत्राच्या कमी-जास्त खोलीच्या आवृत्त्या एकमेकींविरुद्ध खेळवल्या, तेव्हा सुरुवातीच्या पातळ्यांवर दर जादा अर्ध्या चालीमागे मानांकनात दोनशेच्या आसपास गुणांची भर पडताना दिसली. इतका हुकमी नफा देणारे ज्ञान कुणालाच लिहून काढता येत नव्हते.

आणि पुस्तकातले ज्ञान चुकीचेही असू शकते. दोन उंट विरुद्ध एक घोडा, बाकी फक्त राजे. या शेवटात घोड्याच्या बाजूला एक विशिष्ट तटबंदी करता आली तर डाव वाचतो, असे क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी १८५१ मध्ये लिहिले. सव्वाशेहून अधिक वर्षे ते प्रमाण मानले गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थॉम्पसन यांनी संगणकाला उलटे मोजायला लावले. सगळ्या माताच्या स्थिती घ्यायच्या, त्यांच्या एक चाल मागे जायचे, मग आणखी एक, असे करत या मोहऱ्यांची प्रत्येक शक्य स्थिती निकालात काढायची. तेव्हा कळले की किरकोळ अपवाद वगळता दोन उंट जिंकतातच, आणि सर्वांत लांबचा विजय ६६ चालींचा आहे. ती तटबंदी फोडता येते. पन्नास चालींच्या नियमात हा विजय बसत नसल्याने जागतिक संघटनेने काही शेवटांपुरती मर्यादा वाढवली होती. १९९२ मध्ये ती पुन्हा सरसकट पन्नास केली.

या कोष्टकाचे मला अप्रूप वाटते ते वेगळ्याच कारणाने. ते तयार होताना त्यात बुद्धिबळाचे शहाणपण अजिबात वापरलेले नाही, केवळ मोजणी. पण एकदा तयार झाल्यावर ते वापरताना शोध अजिबात लागत नाही. स्थिती काढायची, उत्तर वाचायचे. मग ते शोध की ज्ञान? पाढ्यांचेही असेच नाही का? सात आठे छप्पन्न म्हणणारे मूल बेरीज करीत नाही, पण तो पाढा म्हणजे कुणीतरी पूर्वी केलेली बेरीजच असते. ज्ञान हा आधी करून ठेवलेला शोध आहे, असे धरून चालले की पुढचा सगळा इतिहास वेगळा दिसू लागतो.

आता १९९७ कडे येऊ. गॅरी कास्पारॉव्ह यांनी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात 'डीप ब्लू'ला ४–२ असे हरवले होते. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला सुधारलेल्या यंत्राने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी सामना जिंकला. त्यात बुद्धिबळासाठी खास बनवलेल्या ४८० चकत्या होत्या आणि यंत्र सेकंदाला सरासरी १२.६ कोटी स्थिती पाहत होते. हे आकडे सर्वत्र छापले जातात. त्यांच्या शेजारचा आकडा मात्र क्वचितच दिसतो. स्थितीला गुण देताना हे यंत्र सुमारे आठ हजार वैशिष्ट्यांचा विचार करी. ती माणसांनी ठरवलेली होती, आणि जोएल बेंजामिन हे ग्रँडमास्टर महिनोन्महिने यंत्राशी खेळून त्याच्या समजुतीतल्या चुका दाखवत होते. दुसऱ्या डावात प्यादी टिपण्याची संधी सोडून यंत्राने उंट मध्यावर आणला आणि कास्पारॉव्ह यांच्या प्रतिहल्ल्याच्या वाटा बुजवल्या. ती चाल पाहून त्यांना आत माणूस असल्याचा संशय आला. हा सामना 'ज्ञान हरले, खोली जिंकली' याचा पुरावा म्हणून दाखवणे म्हणजे आमटीची चव फक्त चुलीमुळे आली म्हणण्यासारखे आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये 'अल्फाझीरो'ची पूर्ण हकीकत प्रसिद्ध झाली आणि पारडे उलट दिशेला झुकले. हा प्रोग्रॅम सेकंदाला सुमारे ६० हजार स्थिती पाही. त्याच्यापुढचा 'स्टॉकफिश' सुमारे सहा कोटी. म्हणजे हजारपट! हजार डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले, उरलेले बरोबरीत. यावर सटन यांच्या बाजूने एक रास्त आक्षेप घेता येईल : अल्फाझीरोला एकेका स्थितीसाठी प्रचंड आकडेमोड करावी लागते, आणि स्वतःशी चार कोटींहून अधिक डाव खेळून शिकताना त्याने हजारो खास चकत्या वापरल्या. गणनशक्तीच जिंकली! कबूल. पण ती शक्ती खर्च झाली ती ज्ञान मिळवण्यावर, आणि त्या ज्ञानाने शोध हजारपट कमी केला. शिवाय हे ज्ञान अगदी परकेही नाही. माजी विश्वविजेते व्लादिमीर क्रामनिक यांच्या सहभागाने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, राजाची सुरक्षितता किंवा मोहऱ्यांचे मोल यांसारख्या आपल्या ओळखीच्या कितीतरी कल्पना अल्फाझीरोच्या जाळ्यात शिकता शिकता उमटल्याचे आढळले.

सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिशनेही शिकलेले मूल्यमापन स्वीकारले. त्याची रचना मूळची जपानच्या यू नासू यांची, शोगी या तिकडच्या बुद्धिबळासाठी केलेली. वेग कमी झाला, ताकद वाढली. हे जाळे शिकले कशावरून? स्टॉकफिशनेच शोध करून गुण दिलेल्या असंख्य स्थितींवरून. आणि तो शोध उभा होता जुन्या, हाताने लिहिलेल्या मूल्यमापनावर. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीतून ते जुने मूल्यमापन पूर्णपणे काढून टाकले गेले. इथे सटन यांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. माणसाने ओळ-ओळ लिहिलेले ज्ञान गेले. पण ज्ञान गेले नाही. त्याचा लेखक बदलला. त्यांच्या टिपणात या दोन गोष्टी एकाच शब्दात मिसळल्या आहेत आणि माझी तक्रार आहे ती एवढीच. संशोधकाने तो शब्द सैल वापरला तर फारसे बिघडत नाही, कारण त्याला काय म्हणायचे आहे हे त्याच्या क्षेत्रातल्यांना कळते. तेच वाक्य शाळेत पोचते तेव्हा त्याचा अर्थ 'समजून घेण्यापेक्षा वेग बरा' असा होतो.

ज्ञानाचा एकट्याचा संसार कसा चालतो, हेही २०२४ मध्ये दिसले. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी अजिबात शोध न करणारा प्रोग्रॅम तयार केला. एक कोटी डावांतल्या स्थितींना स्टॉकफिशने दिलेले गुण पाहून तो शिकला. पटाकडे पाहायचे, प्रत्येक चालीला मनात गुण द्यायचे, सर्वांत जास्त गुणांची खेळायची. पुढे एक अर्धी चालही पाहायची नाही. झटपट डावांत माणसांविरुद्ध त्याने २८९५ मानांकन मिळवले. स्टॉकफिशच्या मात्र तो मागेच राहिला. आणि त्याची एक खोड फार बोलकी आहे. डाव पूर्ण हातात आला, अनेक चाली सारख्याच जिंकणाऱ्या दिसू लागल्या की तो रेंगाळू लागे. आज या वाटेने, पुढच्या चालीला त्या वाटेने. आधी काय झाले हे त्याला ठाऊक नसल्याने तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊन डाव बरोबरीत जातो आहे, हेही त्याला कळत नसे. आपण जिंकत आहोत हे त्याला पक्के माहीत होते, पण मात करायची कशी, हे ठरत नव्हते. अशा वेळेपुरती संशोधकांना स्टॉकफिशची मदत घ्यावी लागली.